ओठांचं मेण

११ जानेवारी

ओठांच्या मलमाचा आजही दगडच झाला. डबी उलटी करून ओट्यावर आपटली तरी मलम सुटेना, आणि सुरीनं खरवडून लावून पाहिलं तर ओठच ओढले गेले. नेमका रुतिलियो कॉफीला टपकला. भाऊ असला तरी असल्या वेळी त्याचं तोंड बघवत नाही. डबी हातात फिरवत म्हणतो, "ताई, वात कुठंय याची? हे लावून चर्चमध्ये जाऊ नकोस, पाद्री तुला पेटवून देवापुढं ठेवेल."

निदियाला फोनवर सांगितलं तर ती मोनक्लोवाहून ओरडली. "आई, मधमाशीच्या मेणाचं माप कशाला धरलंस? आपलं डोंगरातल्या कांदेलियाच्या काड्यांचं मेण त्याच्या दुप्पट कडक. निम्मं घाल. आणि काय किती घातलंस ते वहीत लिही." म्हणून ही वही. पण मापं एका ओळीत संपली, आणि हात काही थांबेना.

निदियाला पाचवा लागलाय. ओकाऱ्या थांबल्या म्हणाली.

माझा नवरा चेंचो संध्याकाळी डोंगरातून आला. ॲसिडचं पिंप आणणारा व्यापारी अजून फिरकलेला नाही. कांदेलियाच्या काड्या उपटून ढीग लावून ठेवलेत, पण काहिलीतल्या उकळत्या पाण्यात ॲसिड पडल्याशिवाय काडी मेण सोडत नाही. जेवताना तो भिंतीकडे बघत होता. 

१७ जानेवारी

जमलं! निम्मं मेण, बदामाचं तेल, थोडं एरंडेल, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा वास. मेण आधी दोनदा पाण्यात वितळवून फडक्यातून गाळलं, माती खाली बसली. मग उकळत्या पाण्यात भांडं ठेवून तेलात विरघळवलं, थंड बशीवर थेंब टाकून बघितला, आणि डब्या लगेच गार पाण्यात ठेवल्या. हळूहळू निवू दिलं की रवा पडतो, हे मला आता कळलं.

शेजारची मेल्चोरा डबी घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. मला वाटलं नावं ठेवायला आली. तर म्हणते, "अगं, माझ्या सुनेनं हिसकावून घेतली. आणखी दे." मेल्चोरा कुणाचं चांगलं म्हणत नाही. मी दार लावून एकटीच हसले.

२८ जानेवारी

ॲसिडची सोय झाली. ओकांपोच्या रस्त्यावर आर्नुल्फोचं भंगाराचं आवार आहे, तिथून चेंचोनं निळे कॅन आणले. काहील पेटली. मेणाचा पहिला फेस वर आला तेव्हा मी तिथंच होते. चेंचो झाऱ्यानं फेस काढून हौदात टाकत होता आणि रुतिलियो गाढवांना शिव्या देत काड्या ओढत होता. मेण नेहमीपेक्षा काळपट वाटलं. मी तसं म्हटलं तर चेंचो म्हणाला, "गाळलंस की होईल पिवळं." झालं खरं.

त्या बदल्यात त्याला नि रुतिलियोला आठवड्यातून दोन-तीन दिवस आर्नुल्फोकडं कामाला जावं लागणार. कसलं काम, विचारलं. "भंगाराचं." पहिल्याच दिवशी कपडे करड्या धुळीनं भरून आले. झटकले तर खोकला आला, दोन पाण्यांतून काढले तरी पाणी राखेसारखंच.

नवीन मेणाच्या डब्या मेल्चोराच्या सुनेला नि शाळेतल्या बाईंना दिल्या, उरलेल्या सगळ्या रविवारी क्वात्रोसिएनेगासच्या बाजारात गेल्या.

९ फेब्रुवारी

माझ्या हाताच्या चवीला काय झालंय ते मला तरी कळत नाही. चेंचोला काहीच आवडत नाही. घेवडा पुढं ठेवला तर म्हणे याला पत्र्याची चव येते. पोळीलाही पत्र्याची चव. कॉफीला गोडसर पत्र्याची. मी भांडी घासून घासून हात सोलून घेतले. शेवटी मातीच्या मडक्यात शिजवलं तरी तेच. थाळा सारून उठला आणि पोट धरून अंगणात फेऱ्या घालत बसला. असा माणूस नव्हता हा. लग्नाला एवढी वर्षं झाली, अन्नाला कधी नाव ठेवलं नाही.

भीती वाटते म्हणून इथं लिहिते, दुसरीकडं कुठं बोलू? बाहेर कुठं पोट भरत असेल, तर घरचं नकोसंच होणार. आर्नुल्फोची विधवा बहीण तिथंच आवारात राहते. चांगली दिसते.

रुतिलियोला आडून विचारलं. तो पोटावर हात ठेवून म्हणतो, "ताई, बायका कसल्या, मी आठवडाभर संडासाचं तोंड पाहिलं नाही, त्याची काळजी कर." त्याला कधी नीट उत्तर देता येणार नाही.

२१ फेब्रुवारी

निदिया आली होती. पोट आता दिसायला लागलंय. आल्या आल्या डबी उघडली नि लावत सुटली. संत्र्याचा वास तिला इतका आवडला की लावायचं आणि चाटायचं, लावायचं आणि चाटायचं. "बाळाला पण आवडतंय गं," म्हणाली. तिच्यासाठी मी वेगळ्या सहा डब्या बांधून ठेवल्या होत्या.

दुपारी चेंचो आला. तिच्या ओठांकडं बघितलं आणि दारातच थांबला. विचारलं, "हे कुठल्या मेणाचं?"

मी म्हटलं, "तुझ्याच. नवीन घाण्याचं."

त्यानं तिच्या हातून डबी घेतली, बांधलेलं पुडकंही उचललं, आणि सगळं चुलीत घातलं. मेण भडकलं, ज्वाळा छताला लागतील असं वाटलं. निदिया रडायला लागली. तो एवढंच म्हणाला, "पोटुशी बाईनं असलं काही तोंडाला लावू नये. पाण्यानं धू तोंड. साबण लाव."

माझी लाज वाटते त्याला. चार बाया माझं नाव घेतात ते खपत नाही. मीही सोडलं नाही, बोलायचं ते बोलले. तो स्वतःच्या हातांकडं बघत बसला. उठताना कप त्याच्या हातातून पडून फुटला, आणि उचलायलाही तो वाकला नाही. मी उचलला. तुकडे माझ्या बोटात गेले.

निदिया एक रात्रही न राहता शेवटच्या गाडीनं परत गेली.

४ मार्च



आज मी आर्नुल्फोच्या आवारात गेले. मेल्चोराच्या मुलाच्या ट्रकमधून उतरले आणि सरळ आत. त्या बाईला बघायचं होतं. ती बाई कोपऱ्यात कपडे वाळत घालत होती, आजारलेली, पिवळी, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

तिच्यामागं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांचा डोंगर. कुऱ्हाडीनं फोडलेल्या. खाली काळा चिखल. एका बाजूला निळे कॅन, त्यात नरसाळ्यानं बॅटरीतलं पाणी ओतायचं काम चालू. आणि छपराखाली भट्टी. भट्टीवर लोखंडी कढई, कढईत चांदीसारखं काहीतरी लखलखतंय, आणि कढईवर वाकून, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता, माझा नवरा पळीनं ते साच्यात ओततोय. शेजारी रुतिलियो कुऱ्हाड घेऊन.

आर्नुल्फो पुढं आला. "या वहिनी! नवरा आमच्याकडं सुखरूप आहे, घाबरू नका."

"हे काय आहे?"

"शिसं. बॅटरीत दुसरं काय असणार? शिसं मला, ॲसिड तुमच्या काहिलीला. कुणाचंच नुकसान नाही."

"त्या ॲसिडमध्ये शिसं नसतं?"

तो हसला. "असेल चिमूटभर. मेणाला काय कळतंय वहिनी? तुमचं मेण तर जातं बुटाच्या पॉलिशात."

बुटाच्या पॉलिशात! मी तर तोंडाला लावायला दिलंय. मेल्चोराच्या सुनेला, शाळेतल्या बाईंना, बाजारातल्या कोण कुठल्या बायकांना. निदियाला. ती दिवसभर चाटत होती.

चेंचोनं मला बघितलं. पळी खाली ठेवली. माझ्यामागं ट्रकपर्यंत आला. मग मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बॅटरीचं ॲसिड आहे एवढं माहीत होतं. मेणात काय उतरतं ते माहीत नव्हतं. अजून नाही." मग म्हणाला, "आर्नुल्फोच्या बहिणीची दोन पोरं पोटातच गेली, हे गेल्या महिन्यात कळलं."

म्हणून डब्या चुलीत गेल्या होत्या.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढी खूश होतीस," तो म्हणाला.

मी त्याला मारलं असतं.

६ मार्च

दारोदार जाऊन डब्या परत मागते आहे. काल सगळ्यांना सांगितलं, तेल खवट झालंय, नवीन देईन. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अहो चांगला वास येतोय की, राहू द्या. त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. खरं सांगायचं धाडस झालं नाही. खरं सांगितलं तर मेण कुणाचं, कुठल्या ॲसिडचं, सगळं निघणार. चेंचोचं नाव येणार.

आज मेल्चोरानं डबी द्यायला नकार दिला. "माझ्या सुनेला विकत पाहिजे तर विकत घेते. तू काय आम्हाला भिकारी समजतेस?" बोलत होती आणि तिची नात तिच्या कडेवर बसून डबीत बोट घालून बोट चोखत होती.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. बॅटऱ्या, कुऱ्हाड, भट्टी, सगळं.

मेल्चोरा किंचाळेल असं वाटलं होतं. तिनं नातीच्या तोंडातून बोट काढलं, शालीच्या टोकानं तिचं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, पोरगी रडायला लागली तरी पुसतच राहिली. मग म्हणाली, "उरलेल्या बायकांकडं मी येते तुझ्याबरोबर. पण खरं सांगायचं. खवट तेलाचं सोंग बंद."

बाजारात गेलेल्या डब्यांचं काय करू? त्या बायकांची नावंही माहीत नाहीत. डोळे मिटले की कुणाकुणाचे ओठ दिसतात.

१२ मार्च

मोनक्लोवाच्या दवाखान्यात निदियाचं रक्त दिलं. मेल्चोराची सून नि नात पण आल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कमी बोलतात. डबीतलं मलम नि मेणाचा खडा दोन्ही त्यांनी तपासायला ठेवून घेतलं. निकालाला आठवडा लागेल.

"बाळाला काही होईल का?" मी विचारलं.

"निकाल येऊ द्या."

हो किंवा नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

निदिया माझ्याशी नीट बोलली नाही. बापाशी बोलली. त्याच्या दंडाला धरून गेटपर्यंत आली. मला राग आला, खरं सांगते. मेण त्यानं खराब केलं आणि दंड त्याचा धरायचा!

येताना चेंचोनं मेल्चोराच्या मुलाकडून मागून आणलेला ट्रक दोनदा थांबवला. एकदा तर रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून पोट दाबत कण्हत होता. निकालाची भीती त्याच्या पोटात उतरलीय, भोग आता, म्हटलं मनात. मी खाली उतरलेच नाही. गिअर टाकायला त्याला डावा हात उजव्यावर ठेवावा लागत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

१९ मार्च

निदिया ठीक आहे! बाळ ठीक आहे! मेल्चोराची सून नि नात ठीक आहेत!

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून दाखवला. रक्तात शिसं आहे, पण शहरात राहणाऱ्या कुणाच्याही असतं तेवढंच. मलमात थोडंसं सापडलं. बहुतेक शिसं काहिलीतल्या पाण्यात आणि गाळात राहतं, आणि मेण तर मी दोनदा गाळलं होतं. "तरी यातलं काहीही कुणी पुन्हा लावायचं नाही," त्यांनी बजावलं. मी त्यांचे हात धरले. निदिया माझ्या गळ्यात पडली, तिचं पोट माझ्या पोटाला लागलं, आतून लाथ बसली ती मलाही कळली. आम्ही दोघी रडत हसत होतो.

चेंचो दाराशी उभा होता. हसत होता, पण भिंतीला टेकून.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं बघितलं, आणि बघतच राहिल्या. "भट्टीवर काम कोण करत होतं?"

"मी," चेंचो म्हणाला. "माझं काही नाही."

"इकडे या. दोन्ही हात समोर धरा. सरळ. तळवे खाली. आता मनगटं वर उचला."

डावं मनगट उचललं. उजवं खाली लोंबतच राहिलं, फडकं वाळत घातल्यासारखं. तो त्याच्याकडं बघत होता, कपाळावर घाम आला होता, पण मनगट हलेना. मग त्यांनी त्याचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. रोज समोर बसून जेवतो हा माणूस आणि मी ती रेघ पाहिली नव्हती.

"पोट किती दिवस दुखतंय? तोंडाला पत्र्यासारखी चव?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगणार होते? मी मडकी बदलत होते.

त्याला त्यांनी तिथंच ठेवून घेतलं.

२९ मार्च

सलाईनमधून औषध देतात, ते रक्तातलं शिसं ओढून लघवीवाटे काढतं. त्याच्या रक्तातल्या शिशाचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं होतं. फेफऱ्याचा झटका आला असता, म्हणाले. उशीर झाला असता तर डोक्यात गेलं असतं. हात परत येईल का, विचारलं. येईल बहुतेक, महिने लागतील. बहुतेक हा शब्द मला आता नको झालाय.

माझंही रक्त घेतलं. थोडं वाढलेलं आहे. त्याचे कपडे धुऊन, झटकून.

आज चेंचो जरा शुद्धीवर, म्हणजे पहिल्यासारखा होता. म्हणाला, "रुतिलियोला सांगितलंस?"

फोन लावला. पलीकडून हसू. "ताई, चेंचोचं पोट पहिल्यापासून नाजूक. मी ठणठणीत आहे. आणि हे बघ, गावात हे पसरवू नकोस. काड्या पडून आहेत, दुसरं ॲसिड कुठंय? पोरांना काय काड्या खायला घालू? आर्नुल्फो म्हणतो, तू फार बोलायला लागलीस."

"आर्नुल्फो म्हणतो म्हणजे? धमकी देतोय?"

"मी काय ते सांगितलं."

मी चेंचोला शब्दाला शब्द सांगितलं.  तो म्हणाला, आर्नुल्फोकडं जाणारे तो नि रुतिलियो दोघंच नाहीत. पलीकडच्या दरीतले लोकही जातात. निम्म्या गावाच्या काहिली त्या निळ्या कॅनांवर चालल्यात.

मला इथं मोनक्लोवातच राहावंसं वाटतं. घरी जायची भीती वाटते.

१३ एप्रिल

घरी आलो, त्याला आता कुठं सोडलं. दाराला कुणीतरी मेलेला साप अडकवून ठेवला होता. मेल्चोरा काठीनं काढून टाकत होती. "पोरांचे चाळे," म्हणाली, पण माझ्याकडं बघितलं नाही. घरात शिरून आधी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

उद्या गावाची सभा आहे. चेंचो म्हणतो, बोलणार. लग्नात चार माणसांसमोर आभार मानायचे होते तर माझ्या बापाला बोलायला लावलं होतं यानं. मी म्हटलं, "नको. सापावर थांबले तर नशीब समज." त्यानं ऐकलं नाही.

१४ एप्रिल

सभेला सगळे होते, पलीकडच्या दरीतलेही. पुरुष पुढं बाकांवर, आम्ही बायका मागं भिंतीला. आर्नुल्फोही आला होता, आपल्या गावचा नसताना, दाराशी टोपी मागं सारून उभा.  मेल्चोरानं माझा दंड घट्ट धरला होता.

चेंचो उठला. आवाज इतका बारीक की पुढचेच ऐकत होते.

"मी शिसं ओतायला जात होतो," तो म्हणाला. "ॲसिडसाठी. मला काही होत नाही असं वाटायचं."

"मोठ्यानं बोल!" कुणीतरी ओरडलं.

"बायकोनं गाळलेलं मेण थोडक्यात सुटलं, मी नाही सुटलो," तो मोठ्यानं म्हणाला. काहीजण हसले. दाराशी आर्नुल्फोपण हसला. म्हणाला, "दवाखान्यात पडून पडून डोकं फिरलंय त्याचं. दमडीचा पुरावा नाही."

चेंचोनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "पुरावा तुमच्याजवळच आहे. दोन्ही हात समोर धरा. सगळ्यांनी. तळवे खाली." आणि त्यानं स्वतःचे धरले. उजवं मनगट तसंच लोंबत होतं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

आधी म्हाताऱ्या सरपंचानं धरले, बहुधा चेंचोचा मान राखायला. मग एकेकानं. बाकांवर रांगेनं हात पुढं आले, जसे पोरं शाळेत नखं दाखवायला धरतात. काहीजण एकमेकांकडं बघत कोपरानं ढोसत होते.

"आता मनगटं वर उचला."

खोलीभर पंजे वर झाले. दुसऱ्या बाकावर पलीकडच्या दरीतला एक पोरगेला बाप्या होता, त्याचा एक पंजा अर्ध्यावर थांबला, थरथरला, खाली पडला. त्यानं हात पटकन मांड्यांत लपवला. मागं बायकांमध्ये कुणीतरी "देवा" म्हणालं. तिकडं आणखी एक पंजा लोंबला. दाराशी बघितलं तर आर्नुल्फो तिथं नव्हता.

मग मला रुतिलियो दिसला. कडेला बसला होता. दोन्ही हात समोर, आणि दोन्ही पंजे खाली.

"अरे, झोपलेत माझे हात," तो म्हणाला. "कालपासून गाढवं ओढतोय." त्याचा नेहमीचा आवाज, पण कुणाकडंही न बघता. कुणी हसलं नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, दात आवळले. पंजे हलले नाहीत.

मी बाकांमधून वाट काढत त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याचे हात धरून खाली घ्यायला गेले तर त्यानं मान हलवली.

"थांब ताई," तो हळूच म्हणाला. "येतील वर. जरा थांब."

सभा उठली, लोक दवाखान्याला जायला कुणाचा ट्रक, कधी निघायचं, ते ओरडून ठरवत होते, आणि माझा भाऊ हात समोर धरून तसाच बसला होता.